वीणेवरची ताकाची बोटं

तांबुळखेडे गावात मुरलीधराच्या देवळाला लागून पाच ओवऱ्या आहेत. त्यांतल्या शेवटच्या, धुराने काळ्या पडलेल्या ओवरीत धानोजी महाराज अकरा वर्षे राहिले. भाविकहो, आज त्या ओवरीपुढे नारळांचा ढीग पडतो; पण महाराज देहाने तिथे होते तेव्हा गाव त्यांना 'ताकवाले बाबा' म्हणत असे. कारण साधे होते. पंगत लग्नाची असो, बारशाची असो की तेराव्याची असो, महाराज ताकाची कळशी घेऊन हजर. भात वाढायला नको, वरण नको, मानाचे काहीच नको. शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत ताक वाढायचे आणि मग उरलेसुरले आपण जेवायचे. कोणी उपदेश मागितला तर म्हणत, "आधी ताक घे."

चैत्रात देवळात सप्ताह बसायचा. सात दिवस रात्रंदिवस नामस्मरण चालायचे, आणि त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकवायची नाही, हा त्याचा कडक नेम. वीणा गळ्यात अडकवून एकाने देवापुढे उभे राहायचे, तार छेडत नाम घ्यायचे. दोन तास झाले की दुसरा येतो, वीणा हातोहात घेतो. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचे, मग समोर कोणी का असेना. याला पहारा म्हणतात. वीणा टेकली की सप्ताह मोडला, आणि तो साऱ्या गावाचा मोडला.

सप्ताहाची व्यवस्था त्र्यंबकबुवांकडे होती. बुवा गळ्याने गोड, पाठांतराने पक्के आणि स्वभावाने ताठ. "चौदा वर्षांत माझ्या सप्ताहात वीणेला धूळ लागली नाही," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी त्यांच्या तोंडून निघे. त्यांना मूलबाळ नव्हते. पण दुसऱ्यांची मुले कशी वाढवावीत याचे ज्ञान त्यांच्याकडे भरपूर होते, आणि ते ज्ञान ते कोणी न मागता देत.

त्या वर्षी दुपारी बारा ते दोनचा पहारा पहिले तीन दिवस निंबाजी बुरुडाने मागून घेतला. ही वेळ कोणालाच नको असे, कारण तेव्हा मागच्या अंगणात पंगती बसत आणि वाऱ्याबरोबर आमटीचा वास थेट वीणेकऱ्याच्या नाकात शिरे. निंबाजीने नवस केला होता. त्याची बायको सगुणा बाळंतपणात दोन दिवस अडली होती; तेव्हा तो म्हणाला होता, "मुरलीधरा, ही सुटू दे, तुझ्यापुढं तीन पहारे उभा राहीन." सगुणा सुटली, मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या.

सुखरूप नव्हता तो निंबाजी. त्याला आधीचा एक मुलगा होता, तुळशीराम. वय अडीच वर्षे, आणि आवाज मात्र भर बाजारात ऐकू जाईल असा. निंबाजीची आई जुन्या वळणाची. बाळंतिणीला वारा लागतो म्हणून तिने सगुणेच्या खोलीचे दार सव्वा महिना बंद ठेवायचे ठरवले होते, आणि तुळशीराम आत-बाहेर करतो म्हणून त्याला आत जाण्याचीच मनाई केली. पोर बापाच्या गळ्यात पडले. मग सुरू झाला थयथयाट. पाणी पितळेच्या पेल्यात दिले, रडला. तांब्याच्या पेल्यात हवे होते. तांब्याच्यात दिले, तरी रडला. पितळेतले पाणी ओतून का टाकले? अंगरखा घातला म्हणून रडला आणि काढला म्हणून त्याहून जास्त रडला. निंबाजी एका हाताने बांबूच्या कांब्या सोलायचा आणि दुसऱ्या हाताने पोर धरायचा. वीस दिवसांत त्याची एक टोपली धड विणून झाली नव्हती. एकदा त्याने पोराला चापट मारली आणि मग स्वतःच परसात जाऊन रडला.

त्यात आणखी एक काळजी होती. तुळशीराम फार चिडला की त्याचा श्वास कोंडायचा. तोंड उघडे, पण आवाज नाही. ओठ निळे, अंग लाकडासारखे ताठ, आणि मग धाडकन मागे पडायचा. असे दोनदा झाले होते. वैद्यांनी सांगितले होते, "आपोआप सावध होतो, भिऊ नकोस. पण त्या वेळी डोकं आपटलं तर मात्र घात आहे. हाताशी राहा."

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी निंबाजी पोराला कडेवर घेऊनच देवळात आला. ते पाहून बुवांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? वीणा धरणार की पोर?"

"घरी संभाळायला कुनी न्हाई जी," निंबाजी म्हणाला. "म्हातारी बाळंतिनीकडं हाय. त्यो खांबापाशी बसंल. भाकरी आनलीया त्याला."

"बसेल तर बरंच आहे. वीणा टेकली तर तुझ्या घराला पुन्हा पहारा नाही, लक्षात ठेव."

निंबाजीने पोराला खांबापाशी बसवले, फडक्यातली भाकरी काढली, सवयीने मोडून अर्धी त्याच्या हातात दिली आणि वीणा गळ्यात घेतली. घात झाला तो तिथेच. तुळशीरामाने हातातल्या अर्ध्या भाकरीकडे पाहिले, फडक्यातल्या अर्ध्या भाकरीकडे पाहिले आणि भोकाड पसरले.

"आख्खी! आख्खी पायजे! जोड!"

अंगणातली माणसे घास हातात धरून वळून पाहू लागली. निंबाजीचा चेहरा घामाने भिजला, तार छेडणारी बोटे चुकू लागली. तेवढ्यात धानोजी महाराज ताकाची कळशी खाली ठेवून मंडपात आले आणि पोराशेजारी जमिनीवर बसले. पोराला त्यांनी हात लावला नाही, गप्प बस म्हटले नाही, की चिऊ-काऊ दाखवले नाहीत.

बुवांना राहवले नाही. "काय ताकवाले बाबा, लोक तुम्हाला सिद्ध म्हणतात ना? मग द्या की भाकरी जोडून!"

महाराज म्हणाले, "मोडलेली भाकरी देवालाबी जोडता येत न्हाई, बुवा. रडनाऱ्यापाशी बसता येतं."

बुवा हसले. त्यांचे दोन शिष्यही हसले, कारण बुवा हसले होते. बुवा निंबाजीकडे वळून म्हणाले, "ज्याला अडीच वर्षांचं पोर आवरत नाही, त्याला नवस कसले सुचतात? दोन फटके दिले असतेस तर ही वेळ आली नसती."

महाराज बसूनच राहिले. पोर लोळले, पाय झाडले, महाराजांच्या धोतराला धूळ लावली. बराच वेळ गेला. मग रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांची मुसमुस झाली, आणि तुळशीरामाने अर्धी भाकरी उचलून खायला सुरुवात केली. दुसरी अर्धी त्याने महाराजांच्या मांडीवर ठेवली. महाराजांनी तिचा तुकडा तोंडात टाकला आणि उठताना निंबाजीला हळूच म्हणाले, "येक ध्यानात ठेव. वीना आन पोर येकदमच पडाय लागली, तर तू पोर धर. वीना धरनारा हाय."

दोन वाजता पुढचा पहारा खुद्द बुवांचा होता. निंबाजीने वीणा देऊन त्यांच्या पायांवर डोके ठेवले. बुवांनी वीणा गळ्यात घातली, छताकडे पाहिले आणि तार छेडली. वाकले नाहीत. निंबाजीला त्याचे काही वाटले नाही. पोर झोपले होते आणि तेवढ्यानेच तो सुखावला होता.

दुसऱ्या दिवशी उशीर झाला. मुरलीधराचे देऊळ उंच जोत्यावर आहे, समोर बारा दगडी पायऱ्या. तुळशीरामाला अलीकडे प्रत्येक पायरी स्वतः चढायची असे, आणि तीही प्रत्येकीवर बसून, विचार करून. निंबाजीला आतून बाराचे टोल ऐकू आले. त्याने पोराला उचलले, भराभर वर आणले, खांबापाशी ठेवले आणि धावत जाऊन वीणा घेतली.

"मी चढनार!" तुळशीराम ओरडला. "मी! खाली ठेव! मी चढनार!"

"उद्या चढ रं बाबा. आता बस. माझा सोन्या ना?"

सोन्या कुठला ऐकतो! झालेली चढण त्याला पुसून टाकायची होती, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करायची होती. तो रडत रडत जोत्याच्या कडेकडे निघाला. मंडपात त्या वेळी दुसरे कोणी नव्हते; सगळे अंगणात जेवायला बसले होते. फक्त त्र्यंबकबुवा गाभाऱ्याच्या दारापाशी पाठ टेकून, जपमाळ घेऊन बसले होते. खरे सांगायचे तर निंबाजीचे आज काय होते ते पाहायलाच ते बसले होते.

"बुवा," निंबाजी काकुळतीला आला, "तेवढं पोराला हिकडं आना जी. कडंला चाललंय."

"लक्ष देऊ नकोस," बुवा जागेवरून म्हणाले. "ढोंग आहे सगळं. बघणारं कोणी नसलं की आपोआप थांबतं."

तुळशीराम जोत्याच्या कडेला उभा राहिला. पाठ पायऱ्यांकडे, तोंड बापाकडे. एक लांब किंकाळी फोडली आणि एकाएकी आवाज बंद झाला.

"बघ," बुवा समाधानाने म्हणाले. "झालं की नाही गप्प?"

पण ही शांतता निंबाजीच्या ओळखीची होती. पोराचे तोंड उघडेच राहिले होते, ओठ निळे पडत होते, आणि ताठ झालेले अंग मागे कलू लागले होते. मागे बारा दगडी पायऱ्या. मधे दहा पावलांचे अंतर. छातीएवढी वीणा गळ्यात घेऊन ना धावता येत होते, ना वाकता.

बापाने किती वेळ विचार केला असेल? काहीच नाही. त्याने पट्टा डोक्यावरून काढला, "देवा, तुझी वीना तू धर!" म्हणून हात सोडले आणि झेप घेतली.

बुवांनी डोळे गच्च मिटले. चौदा वर्षांचा नेम फुटल्याचा आवाज आता कानांवर येणार! वीणा त्यांच्यापासून दोन हातांवर होती, पण हात पुढे करण्याचे त्यांना सुचले नाही.

आवाज आला नाही. उलट तार वाजत होती. शांत, एका लयीत, जराही न चुकता.

बुवांनी डोळे उघडले. वीणेपाशी धानोजी महाराज उभे होते! उघडे अंग, खांद्यावर ओला पंचा. डाव्या हातात वीणेचा दांडा, उजव्या हाताचे बोट तारेवर, आणि नजर मात्र जोत्याच्या कडेकडे. तिकडे निंबाजीने पोराला अगदी शेवटच्या क्षणी दंडाला धरून ओढले होते. त्याला कुशीत घेऊन तो तोंडावर फुंकर घालत होता आणि "तुळश्या, ए तुळश्या" म्हणून हाका मारत होता. महाराजांनी बुवांकडे पाहिले आणि वीणा पुढे केली. बुवांचे हात आपोआप पुढे झाले. वीणा हातात आली, पट्टा गळ्यात आला आणि बुवा मान वर करून पाहतात तो समोर कोणी नाही.

इतक्यात पोराने मोठा श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात ते रडायला लागले. जगात त्याहून गोड कीर्तन निंबाजीने ऐकले नव्हते! पोराला छातीशी धरून तो धडपडत मंडपात आला, तर वीणा बुवांच्या गळ्यात. त्याला रडूच कोसळले.

"बुवा, तुमी धरलीत! तुमचं उपकार कसं मानू? गावाचा सप्ता राखलात जी!"

आता इथे थोडे थांबा, भाविकहो. मंडपात तिसरे कोणी नव्हते. निंबाजीची वीणेकडे पाठ होती, त्याने काही पाहिले नव्हते. बुवांनी नुसती मान हलवली असती तरी पंधरावे वर्षही त्यांच्याच नावावर लागले असते, आणि ते वाक्य ओठांपर्यंत आलेही होते. पण वीणा सावरताना त्यांच्या तळव्याला दांडा ओला लागला. त्यांनी पाहिले. काळ्या लाकडावर चार बोटे आणि एक अंगठा, पांढरे स्वच्छ उमटलेले. त्यांनी हात नाकाशी नेला. जिऱ्याचा आणि ताकाचा वास!

"मी नाही धरली," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "मी नाही, निंबाजी. मी बसून होतो. तुझा पहारा तू घे."

वीणा निंबाजीकडे देऊन ते तडक मागच्या अंगणात गेले. तिसरी पंगत बसली होती. महाराज कळशी घेऊन ओळीच्या मधोमध वाकले होते.

"हे इथून कधी गेले होते?" बुवांनी ओरडूनच विचारले.

"कोन, ताकबाबा?" पानावर बसलेली सोनाई माळीण म्हणाली. "सकाळधरनं हितंच हायती की. आत्ता माझ्या वाटीत ताक वाढलं. तुमाला काय झालं, बुवा? भूत बघितल्यागत दिसताय."

महाराजांनी कळशीवरून मान वर केली. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटावर तारेचा तांबडा वळ उठला होता.

"पोर सावध झालं न्हवं?" त्यांनी विचारले.

अंगणात ही गोष्ट अजून कोणाला ठाऊक नव्हती. बुवांनी शंभर पानांच्या मधे, उष्ट्याखरकट्याची पर्वा न करता, महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले. "महाराज, मी पोर धरलं नाही आणि वीणाही धरली नाही. नुसता बोलत बसलो."

"उठा, ताक सांडंल," महाराज म्हणाले. "आन आईका, बुवा. काल वीना घेताना येक नमस्कार ऱ्हायलाय तुमचा. त्यो हितं न्हाई करायचा."

संध्याकाळी महाराज निंबाजीच्या घरी गेले. म्हातारीने बसायला पाट दिला, तो त्यांनी घेतला नाही. बंद दाराकडे पाहून म्हणाले, "आजी, तुझ्या सुनेला वारा बाधंल का न्हाई, मला ठाव न्हाई. पोराला दार बाधतंय."

म्हातारी घटकाभर पुटपुटली. मग उठली आणि तिने कडी काढली. तुळशीराम आत गेला. बाळाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. आईच्या पायाशी घोंगडीवर आडवा झाला आणि तिच्या लुगड्याचे टोक मुठीत धरून झोपला. सगुणा त्याच्या केसांतून हात फिरवीत राहिली. वीस दिवसांत त्या घराला पहिल्यांदा स्वस्थता मिळाली.

त्या दिवसापासून तुळशीरामाचा हट्ट संपला, असे मी सांगितले तर ज्यांच्या घरी मुले आहेत ते मला खोटा म्हणतील. तो संपला नाही. थोडा उतरला, एवढेच. श्वास मात्र पुन्हा कोंडला नाही.

तिसऱ्या दिवशी निंबाजीचा शेवटचा पहारा. बारा पायऱ्या तुळशीरामाने स्वतः चढल्या, आणि त्याला वेळ लागणार म्हणून बाप अर्धा तास आधीच निघाला होता. वर त्र्यंबकबुवा वाट पाहत होते.

"तू वीणा घे," ते म्हणाले. "पोराकडे मी बघतो."

निंबाजीने एकदा त्यांच्याकडे, एकदा पोराकडे पाहिले. त्याला पोराची काळजी नव्हती, बुवांची होती. पण तो वीणा घेऊन उभा राहिला. बुवांनी पोराला खांबापाशी बसवले, फडके सोडले, मोठ्या मायेने भाकरी काढली आणि मोडून अर्धी त्याच्या हातात दिली.

गावभर ऐकू जाईल असे भोकाड मंडपात उठले. "आख्खी! जोड!"

बुवांच्या जिभेवर चौदा वर्षांचे पाठांतर होते, त्यातले एक अक्षर कामाला येईना. रागही आला. मग ते हळूच खाली, पोराच्या बाजूला, धुळीत बसले. काही बोलले नाहीत. पोराच्या लाथा धोतरावर पडू दिल्या. अंगणातून लोक वळून वळून पाहत होते, तर पाहू दिले. दूर कळशी घेऊन महाराज उभे होते; तेही पाहत होते, पण आले नाहीत. रडणे थांबायला पाऊण तास लागला. मग एक लहानसा ओला हात पुढे झाला आणि बुवांच्या मांडीवर अर्धी भाकरी येऊन पडली.

दोनचे टोल पडले. पुढचा पहारा बुवांचा. तुळशीराम त्यांच्याच खांद्यावर मान टाकून झोपला होता, तोंडाभोवती भाकरीचा चुरा. त्याला तसेच एका हाताने सावरत बुवा निंबाजीसमोर आले. निंबाजी रीतीप्रमाणे वाकू लागला, पण बुवा त्याच्या आधी वाकले. पोर जागे होऊ नये म्हणून अगदी सावकाश, एक गुडघा टेकून, मग दुसरा, आणि त्यांनी निंबाजीच्या बांबूच्या कुसांनी चिरलेल्या पायांवर कपाळ ठेवले.

वरून तार वाजतच होती. त्या सप्ताहात वीणा कुठेही टेकली नाही. टेकले ते एवढे एक डोके.